डावा हात

सुरी हातातून निसटून फरशीवर पडली. आवाज तो केवढासा, पण सकाळपासून स्वयंपाकघरात तुंबून राहिलेल्या शांततेला तेवढ्यानंही तडा गेला. बास्यानं बिटं सोलता सोलता मान वर केली. बाबा पाव कापत होते. ज्या हातातून भर लढतीत कधी तलवार सुटली नाही, त्या हातातून पावाची सुरी सुटली होती.

आईनं वाकून ती उचलली आणि तिचं टोक तीनदा फरशीवर आपटलं. सुरी पडली की घरात पुरुष पाहुणा येतो आणि ती तीनदा आपटली की तो अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो, हे मिन्स्कमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"अगं आई, मामाला बोलावणं तूच धाडलंस ना?" बास्या म्हणाली.

"धाडलं तेव्हा मला काय माहीत, या घरात काय शिजतंय ते!"

"तुझ्या आईला विचार," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपटून झालं असेल तर सुरी परत मिळेल का म्हणावं."

"तुझ्या बाबांना सांग, पावाला सुरी लागते. जिभेला लगाम लागतो. तो बाजारात मिळत नाही, नाहीतर मी रांग लावली असती."

टेबलाखालून ऊल्या खुदकन हसली. बास्याची ही सहा वर्षांची पोर सकाळपासून तिथं ठाण मांडून बसली होती. तिच्या मांडीवर आजोबांनी करून दिलेल्या दोन लाकडी तलवारी होत्या. मुठीवर डब्याचं झाकण ठोकून बनवलेली वाटी, हात झाकणारी, अगदी खऱ्या तलवारीला असते तशी.

"बाबा, आजच का?" बास्यानं हळूच विचारलं.

"कारण येत्या शनिवारी फार उशीर झालेला असेल."

आज बाबांना साठ वर्षं पुरी होत होती. विताल्द राद्केविच, चार वेळा सोव्हिएत संघाचा तलवारबाजीतला विजेता. त्यांची पदकं भिंतीवर नव्हती. आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणं आणि रिळांच्या खाली पडलेली असत. येत्या शनिवारी क्लबच्या शरद-स्पर्धेला त्यांचं नाव दिलं जाणार होतं. आणि त्या वेळी मंचावरून यूझेकमामा, आईचा धाकटा भाऊ, शहरभरच्या मुलांना 'ती गोष्ट' सांगणार होता. ती म्हणजे कुठली, हे राद्केविचांच्या घरात कुणाला विचारावं लागत नसे.

बत्तीस वर्षांपूर्वी कीव्हमध्ये संघनिवडीची शेवटची लढत झाली. समोरासमोर दोघं, विताल्द आणि यूझेक. मेहुणा-मेहुणा, एकाच गुरूचे चेले, आणि तो गुरू म्हणजे यूझेकचे आणि आईचे वडील, आंतोन आजोबा. चार-चार अशी बरोबरी. पाचवा वार ज्याचा, तो संघात. तेव्हा तलवारींना वार नोंदवणाऱ्या विजेच्या तारा नव्हत्या, दिवे नव्हते. चार पंचांचे डोळे होते, आणि मधोमध मुख्य पंच. विताल्दनं मनगटावर वार केला. दोन पंचांना दिसला नाही, तिसऱ्यानं होकारार्थी मान हलवली, चौथा घुटमळला. मुख्य पंच 'पुढे चला' म्हणणार, एवढ्यात यूझेकनं डावा हात सरळ वर केला. "बसला," तो म्हणाला.

आंतोन आजोबांच्या हॉलमधला तो नियमच होता. सतरा शिष्य आणि पंच एकही नाही; मग लढती व्हायच्या कशा? ज्यानं वार खाल्ला त्यानंच डावा हात वर करून बोलायचं. लहानपणापासून अंगात मुरलेली ती सवय निवडीच्या लढतीतही सुटली नाही. यूझेक हरला. संघात परत कधी आला नाही. ओर्शाच्या रेल्वे क्लबात मुलांना शिकवू लागला तो आजतागायत. आणि बाबा तिथून जे निघाले ते सहा देशांतली पदकं घेऊनच थांबले.

गोष्ट एवढीच सगळ्यांना माहीत होती. उरलेली बास्याला वसंतात कळली. बाबा हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात होते, आणि ती त्यांना सफरचंदाच्या फोडी भरवत होती.

"वार बसलाच नव्हता," ते म्हणाले होते. "वाटीवर आदळला होता. हे डोळ्यांना कळत नाही गं, बोटांना कळतं. कापडावर बसला की पातं मुकं होतं. वाटीवर बसला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. आधीचा माझा वार त्याच्या त्याच मनगटावर लागला होता, ते चुरचुरत होतं, म्हणून तो फसला. मला एकच शब्द बोलायचा होता, बास्या. 'नाही' म्हणायचं होतं. मी मुखवटा काढला आणि सलामी दिली."

त्या दिवसापासून बास्या बाबांच्या बाजूची झाली होती. सांगून टाकावं, मोकळं व्हावं, यात एवढं काय अवघड आहे, असं तिला वाटे.

दार वाजलं. रोमेक आला, तिचा थोरला भाऊ, क्लबची ती स्पर्धा भरवणारा. एका हातात व्होदकाची बाटली, दुसऱ्या हातात स्पर्धेच्या पुस्तिकांचा गठ्ठा.

"दोन तास वीस मिनिटं रांगेत उभा होतो! माझ्यापुढे एक म्हातारी होती. म्हणे, मुलाच्या लग्नासाठी हवीय. मागच्या महिन्यात पण तीच होती, तोच मुलगा होता." त्यानं एक पुस्तिका बाबांपुढे धरली. "बघा. पान तीन. तुमचा फोटो आणि मामाचा, शेजारी शेजारी. खाली मथळा दिलाय, 'हात वर करणारा माणूस'. मीच लिहिलंय."

बाबांनी पान पाहिलं आणि पुस्तिका पालथी ठेवली. "ते छापायचं थांबव."

"थांबव काय? छापून झालंय! चारशे प्रती."

"मी आज यूझेकला खरं काय ते सांगणार आहे, रोमेक."

रोमेकनं आईकडे पाहिलं. आईनं त्याला सकाळीच फोनवर सगळं कळवलं होतं, हे बास्याच्या लक्षात आलं. तो खुर्ची ओढून बसला.

"बाबा, नीट ऐका. बत्तीस वर्षं झाली. मुख्य पंच गेले, आजोबा गेले. कुणाला काय पडलंय? शनिवारी क्रीडा समितीची माणसं येणार, विजेची तलवार पहिल्यांदा लोकांना दाखवायची आहे. मी दोन वर्षं त्या सामानासाठी कार्यालयांचे उंबरे झिजवलेत. आणि आता स्पर्धा ज्याच्या नावानं, तोच म्हणणार की माझं पहिलं पाऊलच..." त्यानं वाक्य गिळलं.

"बोल. खोटं, असं म्हण."

"मी नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात."

"बरोबर बोलतोय तो," आई म्हणाली, आणि लगेच तिची नजर बदलली. "पण थांब. उंबरे झिजवले म्हणून? समितीसाठी?"

"मग कशासाठी, आई? आपण एकाच बाजूचे आहोत ना?"

"मुळीच नाही. मी माझ्या भावासाठी म्हणतेय. तू तुझ्या खुर्चीसाठी म्हणतोयस. माझ्या बाजूला बसू नकोस. ऊठ तिथून, बटाटे किस."

रोमेक उठला. साडेसहा फुटी माणूस किसणी घेऊन नळाशी उभा राहिला. ऊल्यानं त्याच्या पायावर लाकडी तलवार मारली. त्यानं मुकाट्यानं डावा हात वर केला, हातातल्या बटाट्यासकट.

बाबा बाहेरच्या खोलीत गेल्यावर बास्या आईजवळ सरकली. आई बटाट्याच्या धिरड्यांसाठी कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं खरं कारण विचारायची सोय नव्हती.

"आई, मामाला कळायला नको का? त्याचंच आयुष्य आहे ना ते?"

"त्याच्याकडे काय आहे ते सांग मला. बायको देवाघरी गेली. मूलबाळ नाही. गळक्या छपराचा हॉल आहे, तिथं पावसाळी दिवसात बादल्या मांडून पोरांना शिकवतो. आणि ती एक गोष्ट आहे. मी खरं बोललो, म्हणून हरलो. या गोष्टीवर तो बत्तीस वर्षं उभा आहे. आता जाऊन त्याला काय सांगायचं? की बाबा रे, तू खरं नाही बोललास, तू नुसता चुकलास?"

हे तिनं कधी या बाजूनं पाहिलंच नव्हतं.

"पण गोष्ट खोटी आहे ना, आई."

"खोटी कशी? त्याला बसला असं वाटलं, तो बोलला. त्यात खोटं कुठंय? खोटं असलंच तर ते आपल्याकडे आहे."

"आपल्याकडे?"

आईनं सुरी खाली ठेवली. रोमेकची किसणीही थांबली.

"मी तिसऱ्या रांगेत होते," आई म्हणाली. "हा पोटात होता, सातवा महिना. आंतोनची मुलगी मी. पाळण्यात अंगाई ऐकण्याआधी तलवारींचे आवाज ऐकले. वाटीवरचा आवाज मला कळत नाही होय? खण्ण वाजली ती. मला वाटलं, आता विताल्द बोलेल. मग वाटलं, आता मी ओरडावं. आणि मग यूझेकनं हात वर केला, वडील धावत गेले, त्याला मिठीच मारली त्यांनी सगळ्यांसमोर. आणि मी..." तिनं कांद्याचे तुकडे उगाचच एका बाजूला लोटले. "नवरा संघात गेला, म्हणजे दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. मूल येणार होतं."

"बाबांना माहीत आहे?"

"की मी ऐकलं ते? कधी विचारलं नाही त्यांनी. मीही सांगितलं नाही. म्हणून तर एवढी वर्षं संसार झाला."

दारावर तीन ठोके पडले. आई ॲप्रनच्या कोपऱ्यानं डोळे पुसत दाराकडे धावली. धावताना तिच्या वयातली वीस वर्षं गळून पडली.

"यान्का! अगं, पायऱ्या वाढवल्यात का तुमच्या?" यूझेकमामा दारातच धापा टाकत होता. काखेत मशरूमच्या लोणच्याची बरणी, खांद्यावर सफरचंदांची पिशवी. "उंबऱ्यावरून नको घेऊस, भांडण होतं. आत येऊ दे आधी. कुठंय आमचा चॅम्पियन? माझ्यापासून पळायला आता शिबिरंही उरली नाहीत त्याला!"

तो गमतीनं म्हणाला, पण ते खरंच होतं. मामा येणार म्हटलं की बाबांना दर वेळी कुठलं तरी शिबिर निघायचं.

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. मामानं मारली, बाबा त्या मिठीत नुसते उभे राहिले.

टेबल भरलं. बिटाखाली दडवलेला खारवलेला मासा, आंबवलेला कोबी, गरम धिरडी, त्यावर घट्ट साय. पहिला प्याला साठीचा झाला. दुसरा आंतोन आजोबांच्या आठवणीचा, तो न किणकिणवता प्यायले. तिसऱ्याला बाबा उठले. बास्याच्या शेजारी आईचा हात टेबलाखाली मुठीत आवळला गेला.

"यूझेक," बाबा म्हणाले. "मला तुला एक..."

"नाही नाही, खाली बस!" मामा उभाच राहिला. "वाढदिवस तुझा, बोलायचं मी. रोमेक म्हणतो, शनिवारी मंचावर बोलायचंय. म्हटलं, आज तालीम करून घेऊ." त्यानं प्याला धरला. "पोरांना मी काय सांगतो ठाऊक आहे? की हरलो याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? चार वर्षं मला रात्री तो वार दिसायचा. पण एक गोष्ट पोरांना सांगत नाही, ती तुम्हाला सांगतो. आमचे वडील, यान्का, तुला ठाऊक आहे, त्यांनी मला कधी जवळ घेतलं नाही. विताल्दच्या पाठीवर थाप मारायचे, मला म्हणायचे, पाय गाढवाचे आहेत तुझे. मी मुलगा होतो, म्हणून असेल. आणि त्या दिवशी, कीव्हमध्ये, आठशे माणसांसमोर मिठी मारली त्यांनी मला. कानात म्हणाले, संघात विताल्द गेला, पण शिष्य माझा तू. मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो. अजून थंडी वाजली की मी ती मिठी आठवतो." तो हसला. "तेव्हा विताल्द, तुझ्या त्या वाराला! तो वार नसता, तर मला वडील मिळाले नसते."

सगळे प्यायले. बाबांनी प्याला ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. ते बसले. बास्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि नकळत तिची मान हलली. नको, बाबा. सकाळी ज्यांच्या बाजूनं ती बोलत होती, त्यांनाच ती आता गप्प करत होती. बाबांनी ते पाहिलं. लेकीची मान हललेली पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते तिला पुढं कितीतरी दिवस विसरता आलं नाही.

आणि गंमत म्हणजे रोमेकच तेवढ्यात कुजबुजला, "बास्या, मी हे असं शनिवारी मंचावर नाही ऐकू शकणार. खाली बसून टाळ्या कशा वाजवू मी?"

"चारशे प्रती छापल्यास ना? वाजव आता."

ऊल्याला या कशाचं काही नव्हतं. तिनं मामाच्या हातात एक लाकडी तलवार कोंबली. "मामाआजोबा, पाचपर्यंत!"

"बापरे! चॅम्पियनची नात! मला वाचवा रे!"

टेबल सरकवलं गेलं. मामानं डावा हात पाठीमागे घेतला, पवित्रा घेतला. गाढवाचे म्हणवले गेलेले पाय अजून काय सुंदर पडत होते! तो मुद्दाम हळू खेळला, मुद्दाम उघडा राहिला. चार-चार झाले, ते त्यानंच जुळवून आणले. मग ऊल्यानं डोळे मिटून सगळ्या ताकदीनं एक वार हाणला. टण्ण करून झाकण वाजलं.

मामानं ताबडतोब डावा हात वर केला. "बसला! जिंकलीस, राणी!"

ऊल्यानं डोळे उघडले. कपाळावरचे केस घामानं चिकटले होते. बास्याला वाटलं, उठून ते मागं सारावेत.

"नाही," ऊल्या म्हणाली. "झाकणावर लागला."

"अगं, मी म्हणतोय ना बसला!"

"पण नाही बसला. माझा हात झिणझिणला. परत खेळायचं."

आई हातातली बशी धरून उभी होती, ती तशीच. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. मामा मात्र मोठ्यानं हसला, गुडघ्यावर टेकला आणि ऊल्याचं नाक चिमटीत धरून म्हणाला, "ऐकलंस विताल्द? रक्त बोलतंय! हिची बोटं बघ. ही आंतोनची!"

"हो," बाबा म्हणाले. "ती त्यांचीच आहे."

पाचच्या गाडीनं मामाला परत जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचा सराव होता. शनिवारी सगळ्यांना घेऊनच येणार होता. कोट चढवून झाला, सफरचंदांच्या रिकाम्या पिशवीत आईनं धिरडी बांधून घातली. मग रीतीप्रमाणे वाटेला लागण्याआधी सगळे बसले, जो तो जिथं होता तिथं. मामा बुटांच्या पेटीवर, आई आणि बास्या बाकावर, रोमेक टोप्यांच्या फळीखाली वाकून, बाबा समोरच्या स्टुलावर, मामाच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. या बसण्यात बोलायचं नसतं. ऊल्यासुद्धा बास्याच्या मांडीवर ओठ घट्ट मिटून बसली होती, गाल फुगवून.

बाबांचे ओठ उघडले. बास्याला स्पष्ट दिसलं. आईनंही पाहिलं, पण या वेळी तिनं डोळे वटारले नाहीत. ती नवऱ्याकडे बघत राहिली, जणू म्हणत होती, बोलायचं तर बोल, मी आता अडवत नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्या बाजूला येऊन बसली होती, आणि ती एकटीच होती आता त्या बाजूला.

मामाच्या कोटाचं वरचं बटण सुटलं होतं, ते बाबांनी पुढं झुकून लावून दिलं.

"चला, देवाच्या नावानं," मामा उठला. "येतो रे, चॅम्पियन. शनिवारी!"

जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले आणि त्यांनी ती उघडली. ऑक्टोबरचा गार वारा आत शिरला. खाली अंगणात उजेड मावळत होता. मामा मॅपलच्या झाडाखाली पोचला, नेहमीसारखा वळला आणि त्यानं वर बघून टोपी हलवली.

बाबांनी डावा हात वर केला. हलवला नाही. सरळ, ताठ, तळवा उघडा, आंतोन आजोबांच्या हॉलमध्ये करत तसा. आणि तो तसाच धरून ठेवला.

खालून मामानं आणखी जोरात टोपी हलवली. तो हसतोय, हे चौथ्या मजल्यावरूनही कळत होतं. मग तो कमानीतून रस्त्याकडे वळला आणि दिसेनासा झाला. हात वरच होता.

आई नळाकडे वळली आणि तिनं पाणी सोडलं, धुवायला भांडं न घेताच. रोमेक पुस्तिकांच्या गठ्ठ्याची दोरी सोडत होता आणि परत बांधत होता.

ऊल्या स्टुलावर चढली होती. तिनं अंगणात वाकून पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. खोलीत पाहिलं, कुणाच्याच हातात काही नव्हतं. तिनं बास्याची बाही ओढली.

"आई, आजोबांना वार कुणी केला?"